सिस्टरबाईंच्या दारचं गाणं

सिस्टरबाई नवीन माणसाला गायला लावत नसत. हाक मारायला लावत.

"तुही माय शेताच्या धुऱ्यापल्याड कापूस वेचून राहिली. हाक मार तिले."

नवीन मुलगी लाजायची. हळूच "ए माय" म्हणायची.

"हे तर धुऱ्यालेही ऐकू गेलं नाही."

मग ती मोकळी ओरडायची. तेवढ्यात सिस्टरबाई बाजाच्या पट्ट्यांवर बोट फिरवत तो आवाज शोधून काढत. बाजा म्हणजे चर्चची जुनी हार्मोनियम. बोट एका पट्टीवर थांबे.

"हे तुहं घर. याच्या आजूबाजूले फिर. नाताळ होईपर्यंत दूर जाऊ नको."

गाणी त्या अशीच निवडत. आधी माणसं, मग गाणी. नोव्हेंबरात कोण आलं, कोण सासरी गेलं, कोणाचा आवाज फुटला, हे बघून त्या वर्षीच्या नाताळची गाणी ठरत. गेल्या वर्षीचं गाणं कितीही चांगलं झालेलं असो, या वर्षीच्या माणसांना पेलत नसेल तर ते बाजूला राही.

त्यांचं नाव वत्सला साळवे. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. चर्च बस स्टँडच्या मागे होतं. कौलारू, एका खोलीचं. पाळकसाहेब पांढुर्ण्याला राहत आणि पंधरवड्यातून एका रविवारी येत. ख्रिस्ती घरं थोडी. त्यामुळे गायनमंडळात जो येईल तो आपला. पुष्पा कापूस वेचायला जायची. मुकुंद बसवर कंडक्टर होता. पुंडलिकराव तहसील कचेरीत शिपाई. बाकी वसतिगृहातल्या मुली. त्यांतल्या अर्ध्यांनी त्याआधी शाळेच्या प्रार्थनेशिवाय काही म्हटलेलं नसे.

मी बौद्ध. नागपूरला मराठी घेऊन एम.ए. केलं आणि गावी परत आलो. नोकरी नव्हती. त्या डिसेंबरात माझी आजी गेली होती. एका संध्याकाळी ही मंडळी आमच्या दारी आली. कोणी बोलावलं नव्हतं. दाराबाहेर उभं राहून त्यांनी एक गाणं म्हटलं आणि न बोलता पुढे गेली. गाणं फार हळू होतं. नंतर मी सिस्टरबाईंना दवाखान्यात जाऊन विचारलं, एवढं हळू का?

"तुही आजी ड्रेसिंगले यायची तर गेटपासून वॉर्डापर्यंत तिले पाव घंटा लागे," त्या म्हणाल्या. "तिच्या चालीचं घेतलं."

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेलो. त्यांनी मलाही हाक मारायला लावली.

ही आमच्याकडची रीत आहे. नाताळच्या आधी चार संध्याकाळी गायनमंडळ घरोघर जातं. तिला फेरी म्हणतात. बहुतेक घरी आनंदाची गाणी होतात, गुळाचा चहा होतो. पण ज्या घरी वर्षभरात माणूस गेलं असेल, त्या घरी आनंदाचं गाणं नाही. बाहेर उभं राहायचं. त्या घरासाठी निवडलेलं एकच गाणं म्हणायचं. घरच्यांनी गायचं नाही, फेरीत चालायचं नाही. फक्त दार उघडं ठेवायचं. घर कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, हे कोणी बघत नाही. एकच गोष्ट चालत नाही. ते घर टाळून पुढे जाणं. तसं केलं तर गेलेलं माणूस त्या गल्लीत कधी राहिलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो.

दुःखाच्या दारचं गाणं दर वर्षी सिस्टरबाईच निवडत. त्याला त्यांना वेळ लागत नसे. बहुतेक माणसं दवाखान्यात त्यांच्या हाताखालून गेलेली असत.

१९८६ च्या डिसेंबरात ते दार त्यांचं स्वतःचं होतं.

*

सिस्टरबाईंचे यजमान रघुनाथराव साळवे संत्र्याचे खोके ठोकत. हंगामात सौंसरबाहेरच्या एका संत्र्याच्या वाडीत लाकडाच्या पाट्या, खिळे आणि तणसाचे, म्हणजे वाळल्या पेंढ्याचे, ढीग पडलेले असत. त्यांच्या मधे ते बसत. तोंडात चार खिळे. मी दुपारी तिथे जाऊन बसायचो. बेकार माणसाला दुपार फार मोठी असते. ते मला तणसावर जागा करून देत आणि तोंडातले खिळे न काढता बोलत.

त्यांना गाता येत नव्हतं. हे ते स्वतः सांगत.

"माह्याजवळ चार सूर आहेत, गुणवंता. पाचव्याच्या घरी आपलं येणंजाणं नाही."

तरी ते मंडळात होते. बावीस वर्षं. मागच्या रांगेत, भिंतीजवळ. गाणं वर गेलं की ते आहेत तिथेच राहत. मंडळाची ओळ संपली की त्यांचा शेवटचा शब्द अर्धा ठोका मागून येई. सिस्टरबाई बाजावरून मान वळवून बघत.

"तुमच्या आवाजानं वाकडा खिळा सरळ होईल."

"मंग काहून उभा करते मले?"

"बाजा उचलाले कोणी पाहिजे न."

"हमाल म्हणून ठेवलं म्हणते," ते पोरींना सांगत. पोरी हसत. सिस्टरबाई हसत नसत. पुढचं गाणं धरत.

आमची गाणी सोपी असत. थोड्या पट्ट्यांत बसणारी. ओळी लहान, श्वास घ्यायला जागा भरपूर. आम्हाला वाटे, ही आमच्यासाठी सोय आहे. डिसेंबरात पुष्पासारख्या बायका दिवसभर कापसात असत. तंतू नाकात जात. संध्याकाळी तालमीला येत तेव्हा गळा खरखरत असे. थंडीत गळा लवकर उघडतही नाही. म्हणून गाणं खालून सुरू व्हायचं आणि तिथेच घुटमळायचं. सिस्टरबाईंनी याहून वेगळं कारण कधी सांगितलं नाही.

आणखी एक होतं. फेरीची सगळी गाणी त्या एकाच सुरात बांधत. बाजा जड होता, तो गल्लोगल्ली नेता येत नसे. निघताना चर्चमध्ये त्या एक पट्टी दाबून धरत. तो सूर आम्ही गुणगुणत घेऊन जायचो. एक जण गुणगुणे, बाकीचे बोलत, खोकत. त्याचा श्वास संपत आला की दुसरा धरे. घरापाशी पोचलो की त्याच सुरावर गाणं उठे. गाणं संपलं की कोणीतरी तोच सूर पुन्हा धरून चालू लागे. बस स्टँडवरून जाताना हॉर्नमुळे सूर हरवायचा धोका असे. तिथे पुष्पा कानावर पदर दाबून घ्यायची.

रघुनाथरावांना सूर कधी धरायला देत नसत.

"याईले नका देऊ," सिस्टरबाई म्हणत. "रस्त्यात सांडवतील."

*

रघुनाथराव दसऱ्याच्या आठवड्यात गेले. खोके ठोकायचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुपारी तणसाच्या ढिगाला टेकून बसले. मजुरांना वाटलं, डोळा लागला. मी तिथे होतो. मलाही तसंच वाटलं.

सिस्टरबाई दवाखान्यात होत्या. त्यांना बोलवायची गरज पडली नाही. आम्ही रघुनाथरावांना तिथेच आणलं. त्यांनी मनगट हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, मग खाली ठेवलं. "डॉक्टरसाहेबांना सांगा," एवढंच म्हणाल्या.

आठवडा व्हायच्या आत त्या ड्युटीवर गेल्या. त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये बाजा उघडला. तो मुकुंदने उचलून आणला होता. त्यांनी दोन नवीन मुलींना हाक मारायला लावली. त्यांचा आवाज शोधला. हात तसाच चालत होता. चेहरा मात्र रात्रभर बसमध्ये उभं राहून आलेल्या माणसासारखा होता.

त्या इतक्यात कामाला कशा लागल्या, ते मला समजत नव्हतं. मी अजून वाडीच्या रस्त्याने जाऊ शकत नव्हतो.

त्याच रविवारी पाळकसाहेब आले होते. चांगला माणूस. त्यांनी नागपूरहून एक गाणं आणलं होतं. दोन आवाजांचं. पोरींनी एक ओळ म्हणायची, त्यांच्यावर बाप्यांनी दुसरी. रात्री मेंढरं राखणारा माणूस उजेड पाहतो आणि शेजारच्याला उठवतो, असं ते गाणं. शेवटी ते फार वर जाई.

"सिस्टर, मंडळी आता तयार झाली आहे," ते म्हणाले. "नाताळच्या सकाळी उपासनेला हे घ्या. किती वर्षं आपण तीच सोपी गाणी म्हणणार?"

मला वाटलं त्या नाही म्हणतील. नवीन पोरी होत्या. कापसाचे दिवस होते.

"घेऊ," त्या म्हणाल्या.

आणि घेतलं. आश्चर्य म्हणजे ते येऊ लागलं. पहिल्या दोन रविवारी गोंधळ झाला. तिसऱ्या रविवारी पुष्पाचा आवाज एकदम वर गेला आणि तिथे टिकला. ती स्वतःच दचकून थांबली.

"तुह्याजवळ हे होतं?" मुकुंद म्हणाला.

"मले काय माहीत. कोणी मागितलंच नाही."

तालीम संपल्यावर आम्ही बाहेर चप्पल घालत होतो. सिस्टरबाई आत बाजा झाकत होत्या.

"इतकी वर्षं आपल्याले खालीच ठेवलं सिस्टरबाईनं," मुकुंद म्हणाला. "एवढं वर जाता येत होतं आपल्याले."

"नव्या पोरी राहतात न दरवर्षी," पुष्पा म्हणाली.

"नव्या पोरी यंदाही आहेत. आल्या न वर?"

पुंडलिकराव भिंतीला धरून उभे होते. त्यांच्या तोंडात सुपारी होती.

"पोरींसाठी नोहे," ते म्हणाले. "चार सुराईसाठी."

मुकुंदच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने दुसरी चप्पल घातली आणि स्टँडकडे गेला.

मी तिथेच उभा राहिलो. कॉलेजात मी प्रेमावरच्या पुष्कळ कविता वाचल्या होत्या. बावीस वर्षं सगळ्या गावाची गाणी एका बेसूर माणसाच्या मापाने कापायची, आणि त्यालाच सगळ्यांसमोर हमाल म्हणायचं, असं काही त्यांत वाचलं नव्हतं.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फेरीची गाणी ठरली. त्या वर्षी गल्ल्यांमधली तीन दारं दुःखाची होती. एका बागाईतदाराची आई गेली होती. तिच्यासाठी सिस्टरबाईंनी देवळातल्या आरतीच्या ठेक्यावरचं एक जुनं गाणं घेतलं, कारण म्हातारीला त्या ठेक्यावर मान हलवायची सवय होती. रामाकोन्याहून इथे राहायला आलेल्या एका जोडप्याचं तान्हं बाळ गेलं होतं. त्यांच्यासाठी शब्द नसलेली नुसती चाल घेतली. दोन्ही गाणी एकाच तालमीत ठरली.

तिसऱ्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. आम्ही वाट पाहिली. पुढच्या रविवारीही बोलल्या नाहीत. शेवटी मुकुंदनेच विचारलं.

"सिस्टरबाई, तुमच्या दारचं कोणतं?"

त्या बाजाचा भाता उघडझाप करत होत्या. त्यातून हवा गळत होती.

"आपलं घर सोडून द्या यंदा."

"असं कसं सोडता येईल?"

"मी ड्युटीवर राहीन. कुलूप राहीन दाराले. कुलपाले गाणं म्हणता का?"

"म्हणू," मुकुंद म्हणाला. "दोन वर्षांमागे त्या मास्तरच्या घरी म्हटलंच होतं न कुलपासमोर."

"मुकुंद, मले थकल्यासारखं होऊन राहिलं. घे, पहिली ओळ धर."

विषय संपला. पण संपला नव्हता. फेरीला आठवडा राहिला होता. त्या आठवड्यात आम्ही स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा तेच बोललो. रघुनाथरावांचं दार टाळायचं नाही, यावर सगळे एक होते. बावीस वर्षं ज्याने बाजा उचलला, त्याच्याच दारावरून मुकाट्याने जायचं, हे कोणाच्या घशाखाली उतरेना. प्रश्न एवढाच होता की गाणं कोणतं.

"मेंढरंवाल्याचं म्हणू," मुकुंद म्हणाला. "सगळ्यात मोठं तेच आहे आपल्याजवळ."

"ते चर्चसाठी आहे. फेरीचं नाही," मी म्हणालो.

"गाणं ते गाणं. चर्चमध्ये चांगलं होते तर दारात काहून नाही होणार? तुम्ही शिकलेले लोक काही बी अडचण काढता."

पुष्पालाही तेच हवं होतं. त्या गाण्यात तिचा आवाज लागत होता. रघुनाथराव असते तर तिला बघून खिळे गिळले असते, असं ती म्हणाली. मग मीही हो म्हणालो. दुसरं कोणतं, हे मला सांगता आलं नसतं.

*

फेरीच्या पहिल्या संध्याकाळी थंडी फार होती. ओसाड रानातून वारा येत होता. चर्चमध्ये सिस्टरबाईंनी पट्टी दाबून धरली. आम्ही सूर घेतला. घरात दुःख असल्यामुळे त्या फेरीत येणार नव्हत्या.

"बागाईतदाराच्या दारी घाई करू नका," त्या म्हणाल्या. "आणि पुंडलिकराव, खोकला आला तर खोका. गिळू नका."

त्यांनी शाल गुंडाळली आणि दवाखान्याच्या बाजूला गेल्या. आम्ही उलट्या दिशेला निघालो. सूर आधी एका मुलीने धरला, मग मी, मग पुष्पाने. दोन घरं आनंदाची झाली. एकीकडे चहा, एकीकडे मुरमुरे. बागाईतदाराच्या दारी आम्ही घाई केली नाही. आत कोणीतरी मान हलवत होतं. तान्ह्या बाळाच्या घरी नुसती चाल म्हटली. ती बाई दारात बसली होती, तिने आमच्याकडे पाहिलं नाही. सगळीकडे सूर तोच होता. आम्हाला त्याचा अभिमान वाटत होता.

मग आम्ही साळव्यांच्या गल्लीत वळलो.

दाराला कुलूप नव्हतं. दार उघडं होतं. आत कंदिलाएवढा मंद दिवा होता. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. पुष्पा सूर धरून होती, तिला बोलता येत नव्हतं. तिने नुसती भुवई वर केली.

"आहेत घरी," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "चला, उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. पुष्पाने धरलेल्या सुरावरच मुलींनी मेंढरंवाल्याचं गाणं उचललं.

पहिली ओळ ठीक गेली. दुसरी जरा अवघड वाटली. तिसरीला बाप्यांचा आवाज फाटला. मुकुंद मधेच खाली उतरला, मी वरच अडकलो. पुष्पाचा आवाज जिथे तालमीत मोकळा व्हायचा तिथे किंचाळी निघाली आणि तुटली. नवीन मुली तर आधीच गप्प झाल्या होत्या. शेजारच्या घरात कोणीतरी फिसकन हसलं. आम्ही थांबलो. काय झालं ते कोणाला कळेना. रविवारी हेच गाणं नीट झालं होतं.

"कोणी धरलं हे?" आतून आवाज आला.

सिस्टरबाई दारात आल्या. अंगात ड्युटीची पांढरी साडी होती, वर शाल. दुःखाच्या घरच्यांनी बोलायचं नसतं. त्या बोलल्या.

"मी," पुष्पा म्हणाली.

"सूर बरोबर आहे तुहा. चर्चपासून इथपर्यंत जसा होता तसा आणला. पण हा या गाण्याचा सूर नोहे. हे गाणं याच्या खूप खालून उठते."

"सगळ्याईचा सूर एकच राहते न," मुकुंद म्हणाला.

"फेरीच्या गाण्याईचा एकच राहते. तसे मी बांधते. हे चर्चचं आहे. तिथे मी तुम्हाले बाजावर दुसरी पट्टी देते. तुम्ही घेता आणि म्हणता. पट्टी बदलली हे तुम्हाले कळलं बी नाही?"

आम्हाला कळलं नव्हतं. त्या द्यायच्या आणि आम्ही घ्यायचो, पाण्याचा गडू घ्यावा तसं.

"हे कोणी निवडलं?"

"सगळ्याईनं मिळून," मुकुंद म्हणाला. "रघुनाथभाऊसाठी मोठं गाणं पाहिजे म्हटलं."

त्या उंबरठ्यावर बसल्या. बसताना त्यांनी चौकट धरली.

"त्याईले आलं असतं का हे? दोन ओळी तरी?"

"एक ओळ बी नाही," मुकुंद पटकन बोलून गेला. मग खाली पाहू लागला.

"हाव," त्या म्हणाल्या. "एक बी नाही."

पुंडलिकरावांना खोकला आला. त्यांनी तो गिळला नाही.

"मी ड्युटीवरच गेली होती," त्या म्हणाल्या. "गेटपासून परत आली. त्या नव्या नर्सले सांगितलं, दोन घंटे सांभाळ. म्हटलं, हे लोक येतील. ऐकणारे नाहीत." त्यांनी शाल पायांवर ओढली. "दुसऱ्याईचं मले लगेच सुचते. इथे सुचलं नाही. महिनाभर बसून राहिली. कोणतं बी गाणं घेतलं की वाटे, याईले हे पेलन का? मग आठवे, आता पेलाचा प्रश्न नाही. मग ते गाणं कशावर मोजू ते कळेना. तुमचे पाळकसाहेब म्हणाले मोठं घ्या, मी घेतलं. मले त्यात काही ऐकू बी येत नाही."

त्या आमच्याशी बोलत होत्या, पण बघत अंगणाकडे होत्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. पुष्पाच बोलली.

"मंग आमाले पेलन ते घ्या न सिस्टरबाई."

त्यांनी वर पाहिलं. आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. नोव्हेंबरात तालमीच्या पहिल्या दिवशी बघत, तसं. नवीन मुली थंडीने एकमेकींना चिकटल्या होत्या. पुष्पाचा गळा त्या किंचाळीने बसला होता. मुकुंद दिवसभर बसवर ओरडून आलेला. पुंडलिकराव खोकत होते.

"तुमच्यात आता काही राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "थंडीचं म्हणा. लहान पोट्ट्याईचं."

"ते तर बालवाडीत म्हणतात," मुकुंद म्हणाला.

"हाव. येते न सगळ्याईले?"

येत होतं. आमच्याकडे ते रविवारच्या शाळेत सगळ्यात लहान मुलांना शिकवतात. गोठ्यात बाळ आहे, बाहेर थंडी आहे, एवढंच त्यात आहे.

"थंडी आली दारापाशी,
ऊब आहे गवतापाशी."

त्यांनी सूर दिला. तोंड फार न उघडता, नाकातून. बाजाशिवाय त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो खरखरीत होता, कापूस वेचणाऱ्या बाईसारखा. आम्ही तो घेतला आणि सुरू केलं. गाणं चार सुरांच्या वर जात नव्हतं. कोणाला अडचण आली नाही.

पहिली ओळ संपली आणि आम्ही सगळे थोडे थांबलो. ठरवून नाही. ओळ संपली की मागून एक शब्द यायचा, तो येईपर्यंत पुढची धरायची नाही, ही सवय अंगात होती. मेंढरंवाल्याच्या गाण्यात ती नव्हती, ते नवीन होतं. या गाण्यात होती. दुसऱ्या ओळीलाही तसंच झालं. त्या जागेत वारा तेवढा ऐकू आला.

सिस्टरबाईंनी चौकटीवर बोटांनी ठोका दिला.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "आता कोणी मागून येत नाही."

आम्ही पुढची ओळ लगेच धरली. मुकुंदचा आवाज जरा हलला, पण सुटला नाही. त्यांनी आणखी दोन ओळी ठोका दिला. मग बोटं चौकटीवर तशीच राहिली. डोकं चौकटीला टेकलं. मी समोरच होतो. मला आधी वाटलं त्या रडत आहेत. शाल वरखाली होत होती, अगदी सावकाश.

त्यांना झोप लागली होती.

गाणं लहान होतं. कडवी तीन. शेवटची ओळ आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुःखाच्या दारी गाणं एकदाच म्हणायचं आणि न बोलता पुढे जायचं, अशी रीत आहे. पुढे अजून सहा-सात घरं होती. कोणाकडे चहा उकळत असेल.

पुष्पाने हाताने खूण केली. आवाज अजून लहान करून तिने पहिली ओळ पुन्हा धरली. आम्हीही धरली. ते संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. पुंडलिकराव खोकला आला की गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि परत येऊन रांगेत उभे राहत. शेजारचं जे घर हसलं होतं, तिथल्या बाईने बाहेर येऊन दिवा जरा बाजूला केला, सिस्टरबाईंच्या डोळ्यांवर येत होता म्हणून.

पुढच्या घरांना त्या संध्याकाळी उशीर झाला. कोणी कारण विचारलं नाही.